कॅसेटमधला आवाज पुसू देऊ नका

१४ एप्रिल १९९१ ची रात्र. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची जयंती. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या वस्तीत विहारापुढच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. वीज नेहमीप्रमाणे गेली, तेव्हा पेट्रोमॅक्स लावला गेला. एक पेटी, एक ढोलक, दोन जोड झांजा आणि वस्तीतले म्हातारे गायक. आम्ही पोरे त्यांना आजा म्हणत असू. आजा दिवसा विड्या वळायचे, धानाच्या हंगामात रोवणीला जायचे आणि रात्री पेटी घेऊन बसायचे.

त्या रात्री शेजारच्या गावचे एक मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. आमच्याकडे काम एकच, मास्तरांनी खूण केली की पोरांना गप्प करायचे. आजांनी १९५४ सालचे गाणे म्हटले. त्या वर्षी मे महिन्यात बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. आजा त्या वेळी ऐन विशीत होते. प्रचाराच्या बैलबंडीत बसून त्यांनी स्वतः रचलेले ते गाणे गावोगाव म्हटले होते. बाबासाहेब निवडणूक हरले, पण आजांनी गाणे टाकले नाही. शेवटच्या कडव्यात त्यांनी स्वतःचे नाव गुंफले होते.

गाणे संपल्यावर मास्तरांनी कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची बारीक पाकळी नखाने तोडली आणि म्हणाले, "आता यावर कोणी दुसरे काही भरू शकणार नाही." कॅसेट आमच्या घरच्या टिनाच्या पेटीत ठेवायचे ठरले. आजा आम्हाला म्हणाले, "बाबू, जपून ठेवजो. माह्या मागं हेच गाईल."

दोष आमचाच

वाचकहो, पुढचे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. १९९४ साली आम्ही पंधरा वर्षांचे झालो. सिनेमाच्या गाण्यांचे वेड लागले होते. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. तुटलेल्या पाकळीच्या जागी चिकटपट्टी लावली की जुनी कॅसेट पुन्हा भरता येते, ही युक्ती एका मित्राने सांगितली. आम्ही पेटी उघडली, चिकटपट्टी लावली आणि रेडिओवरची गाणी भरली. कोणाला कळले नाही. आम्हीही विसरून गेलो.

२००१ साली आजा वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे जमले. कोणीतरी म्हणाले, आजांची कॅसेट लावा. आम्ही ती आणून लावली आणि विहारात सिनेमाचे गाणे वाजू लागले. बसलेली माणसे गप्प झाली. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही.

आमच्या हातून एक गाणे पुसले गेले. परंतु महाराष्ट्रातल्या किती वस्त्यांत, किती पेट्यांत, किती माळ्यांवर हेच घडले असेल? आणि जे अजून उरले आहे ते आणखी किती दिवस टिकेल?

मूळ प्रत म्हणजे काय?

आमचे पोट कारकुनीवर. दप्तरात काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, की नकलेवर नक्कल निघू शकते, पण मूळ कागद एकच असतो. नकलेत चूक झाली तर मूळ काढून ताडून पाहता येते. मूळच हरवले तर चूक हीच खरी ठरते आणि मग ती दुरुस्त करायला कोणी उरत नाही.

गाण्याचेही तसेच आहे. आपल्या कवींची जुनी रीत अशी, की शेवटच्या कडव्यात आपले नाव घालायचे. महाकवी वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांत 'वामन' हे नाव असे येते. ज्यांच्या नावावर जमीन नाही, घर नाही, त्यांनी आपली मालकी गाण्यात नोंदवून ठेवली. आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांत बहुतेक वेळा पहिली दोन कडवी घेतात, खाली ठेका भरतात आणि शेवटचे कडवे कापून टाकतात. म्हणजे नेमके कवीचे नावच जाते. पोरे नाचतात, पण गाणे कोणाचे ते त्यांना ठाऊक नसते. काही ठिकाणी शब्द बदलतात, काही ठिकाणी दुसऱ्याच्या नावाने गाणे खपवले जाते. खरे काय ते सांगणारा साक्षीदार एकच, मूळ ध्वनिमुद्रण. तो साक्षीदार मेला की खटला संपला.

जलशापासून कॅसेटपर्यंत

आपल्या चळवळीत गाण्याची जागा वर्तमानपत्राच्या बरोबरीची होती. अक्षरओळख नसलेल्या समाजाला गाण्यातूनच बातमी कळे, विचार कळे. १९३० च्या दशकात नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशातला गण-गवळणीचा साचा बाजूला सारून त्यांनी शिक्षण, स्वच्छता, मंदिरप्रवेश, अन्यायाचा प्रतिकार हे विषय मंचावर आणले. त्या कामाची हकीकत भीमरावांनी पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. पण पुस्तकात शब्द राहतात. ढोलकीची थाप, टिपेचा सूर, प्रेक्षकांतून उठलेला 'जयभीम' कागदावर उतरत नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्या काळी कंपन्यांकडे आणि रेडिओ केंद्रांकडे होते. जलशातल्या मजुराच्या वाट्याला ते क्वचितच आले.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. अक्षरे त्यांनी मोठेपणी मुंबईत गिरवली. नंतरचे सारे आयुष्य ते गावोगाव फिरत गीते रचत, म्हणत राहिले. हजारो गीते त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांतली पुष्कळ पुस्तकांत छापली गेली आहेत. पण एखाद्या खेड्यात कंदिलाच्या उजेडात त्यांनी स्वतःच्या आवाजात ते गीत कोणत्या चालीत म्हटले, हे तिथल्या कोणाच्या तरी कॅसेटमध्येच सापडणार. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्याच वर्षी प्रल्हाद शिंदे गेले. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि आपल्यातून गेले. गाणारे असे एकेक करून गेले. आता त्यांच्या आवाजाचे राखणदार आपण.

कॅसेट आल्यावर आपल्या गाण्याला खरे पंख फुटले. ग्रामोफोनची तबकडी काढणे मोठ्या कंपनीचे काम होते. कॅसेट मात्र लहान गावातला माणूसही भरू शकत होता. १९८० नंतर भीमगीतांच्या कॅसेटी ढिगाने निघाल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेलेला माणूस परत येताना दोन वस्तू हमखास आणायचा, एक पुस्तक आणि एक कॅसेट. मग सीडी आली, मोबाइल आला. कॅसेटी काढणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या बंद पडल्या. त्यांच्याकडच्या मूळ टेपा कुठे गेल्या याचा पत्ता लागत नाही. तेव्हा आज कित्येक गाण्यांची उरलेली एकमेव प्रत म्हणजे कोणाच्या तरी घरातली धूळ खाणारी कॅसेट होय.

मोठ्यांचेही जळाले

आपण गरीब म्हणून आपले हरवले, असे कोणी म्हणेल. ते पूर्ण खरे नाही. अमेरिकेत हॉलिवूडमध्ये १ जून २००८ रोजी युनिव्हर्सल कंपनीच्या आवाराला आग लागली. तिथल्या गोदामात नामवंत गायकांच्या मूळ टेपा होत्या. किती नुकसान झाले ते जगाला अकरा वर्षांनी, २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सने छापले तेव्हा कळले. कंपनीच्याच अंतर्गत कागदांत सुमारे ५ लाख गाण्यांच्या मूळ टेपा गेल्याचा अंदाज होता. कंपनीने पुढे हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी लागला. त्याची एकही पूर्ण प्रत आज नाही आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या.

परंतु दोन्हींत फरक आहे. त्या कंपन्यांच्या टेपा जळाल्या तरी लाखो घरांत तबकड्या होत्या, प्रती होत्या. आजांच्या गाण्याची प्रत दुसरी नव्हतीच. गरिबाची एकच वस्तू हरवते तेव्हा सगळेच हरवते.

जपणेही शक्य आहे

निराश होण्याचे कारण नाही. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी साथीदारांसह १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांत जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या. गाणारीचे नाव, गाव, जात, सारे नोंदवले. १९९० च्या दशकात बर्नार बेल या त्यांच्या सहकाऱ्याने त्यांतल्या पुष्कळ ओव्या टेपवर भरल्या. पुढे पॉइतवँ गेले, राईरकर गेल्या. पण काम कागदावर आणि टेपवर होते, म्हणून टिकले. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने ते सर्वांना वाचता-ऐकता येईल असे खुले केले.

त्यात आपल्या दृष्टीने मोलाचा ठेवा आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली आपल्या मायबहिणींनी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटल्या होत्या. दळता दळता, लेकराला निजवता निजवता रचलेल्या ओव्या. त्या कोणी शाळेत शिकवल्या नव्हत्या, कोणी छापल्या नव्हत्या. वीस-एकवीस वर्षांनी 'पारी'ची माणसे ध्वनिमुद्रण घेऊन त्याच वस्तीत परत गेली, तेव्हा गाणाऱ्यांपैकी काही जणी भेटल्या. विचार करा, टेप भरणाऱ्याने त्या दिवशी "नंतर बघू" म्हटले असते तर?

बाबासाहेबांचे ग्रंथही असेच जपावे लागले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ साली काढला. त्यामागे वसंत मून यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. कागदासाठी एवढे कष्ट झाले. आवाजासाठीही तेवढेच व्हायला हवेत.

आमच्या वस्तीत काय झाले

चार वर्षांपूर्वी आम्ही काही कार्यकर्ते एक वही आणि एक जुना टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर फिरलो. चुलबंदच्या काठची, महामार्गाच्या कडेची, जंगलाकडची, अशा नऊ वस्त्या झाल्या. एकूण ६३ कॅसेटी मिळाल्या. २१ कॅसेटींना बुरशी चढलेली, ९ ची पट्टी गुंतून तुटलेली. काही ठिकाणी उत्तर मिळाले, "मागच्याच दिवाळीत भंगारवाल्याला दिल्या." एका घरी बाळाच्या खेळण्यात कॅसेटची पट्टी फुलोऱ्यासारखी टांगलेली पाहिली. कोणाला दोष देणार? आम्ही स्वतः काय केले होते?

एका कॅसेटमध्ये आजांचा आवाज सापडला. दुसऱ्या एका जयंतीचा, जेमतेम सात मिनिटांचा. सुरुवातीला खोकतात, पेटीचा सूर धरतात, कोणाला तरी "पानी आन" म्हणतात आणि मग गातात. पण ते १९५४ चे गाणे नव्हते. आम्ही ती कॅसेट आजींना ऐकवली. त्या ऐंशी पार केलेल्या. डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, "ते दुसरं गानं मले येते थोडंसं." आणि त्यांनी १९५४ च्या गाण्याची दोन कडवी म्हटली. शेवटचे, नावाचे कडवे त्यांना आठवले नाही. "तेवढं त्यायचं त्यायनंच म्हनावं," असे म्हणून थांबल्या. आम्ही ते मोबाइलवर भरून घेतले. चाल तरी हाती आली. सहा महिन्यांनी आजीही गेल्या.

आपण घरी काय करावे?

आमच्या अनुभवातून आणि जाणकारांना विचारून शिकलेल्या गोष्टी वाचकांसाठी देत आहोत.

१) कॅसेटच्या आत पोलिएस्टरची अरुंद पट्टी असते. तिच्यावर लोहाच्या संयुगाचा थर गोंदासारख्या पदार्थाने बसवलेला असतो. ऊन, ओल आणि धूळ हे त्याचे तीन शत्रू. आपल्याकडचा मे महिना आणि पावसाळा दोन्ही वाईट. कॅसेटी डबीत घालून, पुस्तकाप्रमाणे उभ्या, कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. स्वयंपाकघर, पत्र्याखालचा माळा आणि स्पीकरजवळची जागा टाळा. स्पीकरमधल्या चुंबकाने आवाज खराब होऊ शकतो.

२) मागच्या कडेच्या दोन्ही पाकळ्या आजच तोडा. चुकून कोणी वर दुसरे भरणार नाही. चिकटपट्टीचे काय होते, ते वर सांगितलेच आहे.

३) बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. पट्टी तुटेल, यंत्र बिघडेल आणि दुसऱ्या कॅसेटींनाही बुरशी लागेल. ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवा.

४) चांगली कॅसेट असेल तर आधी यंत्राचे डोके साफ करा. मग एकदाच, सलग वाजवून संगणकात भरून घ्या. टेपरेकॉर्डरच्या बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या खाचेतून तार संगणकाला जोडावी. ऑडॅसिटीसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. प्रत 'वेव्ह' प्रकारात ठेवा. शक्य असेल तर २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर. तासाभराला सुमारे २ जीबी जागा लागते. एमपी-३ वाटण्यासाठी ठीक, जपण्यासाठी नाही. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत मूळ समजू नका.

५) भरताना खरखर काढणे, ठेका वाढवणे असले काही मूळ प्रतीवर करू नका. खोकला, टाळ्या, "पानी आन" हेही राहू द्या. तोही इतिहासच आहे.

६) तीन प्रती करा. एक घरी, एक विहारात किंवा वाचनालयात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. संगणकात भरून झाले म्हणून कॅसेट फेकू नका.

७) सर्वांत महत्त्वाची वही. तीत अनुक्रमांक, गायकाचे नाव, कवीचे नाव, साथीदार, गाव, प्रसंग, तारीख, कॅसेट कोणाकडून मिळाली, परवानगी दिली की नाही, हे रकाने आखा. नाव नसलेला आवाज म्हणजे बेवारस वस्तू.

घाई का? युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ सालीच इशारा दिला होता, की चुंबकीय पट्टी वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग २०२५ च्या सुमारास मिळेनासे होतील. ती मुदत येऊन ठेपली. पट्टी टिकली तरी ती वाजवायची कशावर? घरात चालू टेपरेकॉर्डर असेल तर तोही भंगारात देऊ नका.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतावर कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. म्हणजे वामनदादांच्या गीतांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ठेवा जपायचा म्हणून कोणाचा हक्क बुडवायचा नाही. सर्वांसाठी खुले करण्याआधी कुटुंबाला विचारा, लेखी संमती घ्या. त्या कुटुंबांनाही आपल्या माणसाचे मोल कळते.

माताभगिनींना विनंती

घरातली जुनी पेटी कोणाच्या ताब्यात असते? आईच्या, आजीच्या, सुनेच्या. त्यामुळे हे काम पुरुषांच्या सभेत ठराव करून होणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत कॅसेट सापडली तर एक क्षण थांबा. वर कोणाचे नाव आहे ते वाचा. आणि घरात सत्तरी ओलांडलेले माणूस असेल तर आज संध्याकाळी जेवणानंतर मोबाइल समोर ठेवा. पाळण्याची, रोवणीची, जयंतीची जी येतात ती गाणी म्हणायला सांगा. चूक झाली तरी होऊ द्या.

मंडळांना एवढेच सांगणे, की मिरवणुकीतल्या डीजेचा एका रात्रीचा खर्च बाजूला काढला तर त्यात एक बाहेरची हार्डडिस्क, एक दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर आणि एक जाड वही येते. पुढच्या जयंतीला विहारात एक तास जुन्या आवाजांना द्या. पोरांना सांगा, हे गाणे अमक्याचे आहे, अमक्याने म्हटले आहे.

आमच्या वहीत पहिल्या पानावर पहिला अनुक्रमांक आजांच्या त्या कॅसेटचा आहे. गायकाचे नाव लिहिले, कवीचे नाव लिहिले, तारीख लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे : 'मूळ ध्वनिमुद्रण नष्ट. कारण, आमचा निष्काळजीपणा.' आपल्या वहीत असा शेरा कोणालाही लिहावा लागू नये, एवढीच इच्छा.

जयभीम.